कानबाई कार्ताहेनाला निघाली

लिंबायत, सुरत
१२ जानेवारी २०२५

चेतन बाळा,

तुला आणि योलांडाला भरपूर आशीर्वाद. घरात फोन असताना आईने कागद कशाला काढला, असं म्हणशील. अरे, तुझा फोन वाजला की तुझे मोठे बाबा लगेच म्हणतात, "स्पीकरवर टाक." स्पीकरवर टाकला की वरून जाऊबाई उतरतात, समोरची चंचल साडीला टिकल्या लावायचं काम सोडून आपल्या उंबऱ्यावर येऊन बसते, आणि माझं बोलणं "जेवलास का, तिकडे ऊन आहे का" याच्या पुढे जात नाही. मोठे बाबा तर तुझ्याशी एक शब्द बोलत नाहीत, नुसते कान देऊन बसतात. म्हणून यापुढे मी लिहीन आणि पानाचा फोटो काढून धाडीन. तूही तसंच कर. माझा मोबाइल मी कोणाच्या हातात देत नाही.

तू विचारलंस, आई, माझ्याकडे कधी येशील? तर येईन ती कानबाईलाच येईन. यंदा कानबाई तीन ऑगस्टच्या रविवारी आहे. तुझ्या घरात बसवायची.

आता पुढचं योलांडाला नीट उलगडून सांग, उगाच घाई करू नको. कानबाई म्हणजे आपल्या खान्देशची माय. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती नारळाच्या रूपात घरात बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यात सोडायचं. तिच्या नैवेद्याला गव्हाच्या पिठाचं जाड, गोड रोट करतात, आणि त्या रोटाचा गहू मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घराण्यातला सगळ्यात वडील माणूस एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकतो. बोरसे घराण्यातला माणूस सुरतेत असो, पुण्यात असो नाहीतर दर्यात असो, त्याचं नाव सुपात पडतं. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचं, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचं. ही आपल्या घरची रीत.

आणि दोन वर्षं झाली, मोठे बाबा सगळ्यांची नावं घेतात, वाल्मिकभाऊजींच्या तान्ह्या नातवाचंसुद्धा घेतात, तुझ्या नावाशी आले की थांबतात आणि पुढच्यावर जातात. मी पदराने तोंड पुसते आणि कामाला लागते. आता सहन होत नाही रे. तुझे बाबा गेले तेव्हा तू केवढासा होतास. या माणसाने, त्यांच्या थोरल्या भावाने, लूमच्या खात्यात स्वतःचा डबा तुझ्याबरोबर वाटून खाल्ला, तुला आयटीआयला घातलं, तू जहाजावर फिटर म्हणून लागलास तेव्हा सगळ्या गल्लीला पेढे वाटले. आणि त्याच माणसाला तुझ्या लग्नाचा फोटो बघायला मिळाला तो चंचलच्या मोबाइलवर. राग येईल नाहीतर काय!

मला तुझं नाव परत सुपात पडायला हवं, आणि ते त्यांच्याच हाताने. म्हणून मी एकटी येणार नाही, त्यांना घेऊन येईन. कसं ते अजून मला ठाऊक नाही.

तुझी आई


कार्ताहेना
२० जानेवारी २०२५

प्रिय आई,

तुझं पत्र योलांडाला वाचून दाखवलं. कानबाई येणार म्हणून ती नाचायचीच बाकी होती. तिची आई, मर्सेदेसबाई, आमच्याच घरात खालच्या खोलीत राहते. तिने विचारलं, देवी किती दिवस राहणार, आणि तिला मासे चालतात का? मी म्हटलं, एकच रात्र राहते, आणि मासे अजिबात नाहीत.

पण आई, खरं सांगू का, मोठे बाबा येणार नाहीत. मी वर्षभर दर रविवारी फोन केला. "मोठे बाबा, नमस्कार" म्हटलं की पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो आणि मग तुझा आवाज. तू त्यांच्यामागे लागून स्वतःचं ब्लडप्रेशर वाढवू नकोस. तू एकटी ये. मूठ टाकायला वडीलच माणूस पाहिजे तर नवागामच्या वाल्मिककाकांना आण, ते तर उद्या म्हटलं तर आजच बॅग भरतील.

आमचं गाव तुला आवडेल. समुद्रावरचं जुनं बंदर आहे, चारी बाजूंनी दगडी तट, आत रंगीत घरं, लाकडी सज्जे, सज्ज्यांतून लोंबणाऱ्या बोगनवेली. लोक लांबून बघायला येतात. आम्ही राहतो तो हेत्सेमानी भाग तटाच्या आतल्या श्रीमंत वस्तीला लागून, पण कामगारांचा. मी गोदीत जहाजं दुरुस्त करतो, शेजारी कोणी मासे पकडतो, कोणी फळं विकतं. संध्याकाळी सगळे खुर्च्या काढून दारात बसतात, अगदी आपल्या गल्लीसारखे.

एक ध्यानात ठेव. गहू, डाळ, नारळ काही आणू नकोस, विमानतळावर काढून घेतील. नारळ इथे ढिगाने आहेत. अख्खा गहू मिळत नाही असं वाटलं होतं, पण बाजारात एक अरबी दुकानदार आहे, त्याच्याकडे आहे. मुंबई, इस्तंबूल, बोगोटा आणि मग आमचं गाव, असा प्रवास. व्हिसाचं मी बघतो.

तुझा चेतन


लिंबायत
९ मार्च २०२५

चेतन,

ब्लडप्रेशरचं तू मला सांगू नको. माझं बराबर आहे, तुझ्या मोठ्या बाबांचं वाढवून आले आहे.

आधी सरळ विचारून बघितलं. ते जेवत होते. मी म्हटलं, पोरगं कानबाई बसवतो म्हणतं, आपण दोघं जाऊन येऊ. म्हणाले, "कोण पोरगं? मला त्याचा पत्ता माहीत नाही." मी म्हटलं, मी देते. म्हणाले, "वांग्यात मीठ नाही." मीठ चांगलं होतं.

मग तुझ्या पत्रातली युक्ती वापरली. काल चहा देताना सहज म्हटलं, तुम्हाला जमत नाही तर राहू द्या, वाल्मिकभाऊजी यायला तयार आहेत, मूठ तेच टाकतील. अरे देवा! कप तसाच बशीत आपटला. वाल्मिकभाऊजी नात्याने चुलत आणि वयाने धाकटे, पण प्रत्येक लग्नात टॉवेल-टोपीच्या मानाला पहिले पुढे होतात, आणि ते यांच्या डोक्यात आधीच बसलं आहे. म्हणाले, "वाल्मिकला मुठीत किती गहू मावतो ते तरी माहीत आहे का? जाऊ दे त्याला. विमानात बसला की घाबरून पहिलाच खाली उतरेल." आणि टोपी घालून बाहेर गेले ते दिवे लागल्यावरच आले.

वाल्मिकभाऊजींना मात्र मी काहीच विचारलेलं नाही, तेवढं कोणाला बोलू नको.

दुसरं, मर्सेदेसबाईंना रोटाची रीत नीट समजली का? बाईचं नाव काय पण, गाडीचं ठेवल्यासारखं. पण माणूस चांगला असेल. रोट बाहेर जाता कामा नये, हे दहादा सांग.

तुझी आई


कार्ताहेना
१७ मार्च २०२५

आई,

तू म्हणजे कमाल आहेस. वाल्मिककाकांना कळलं तर ते नवागामहून चालत येऊन भांडतील.

मर्सेदेसबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवाचं जेवण दार लावून खायचं? मग देव घरात आला हे शेजाऱ्यांना कळणार कसं?" इथे संताचा सण असला की मोठ्या पातेल्यात भात शिजतो आणि गल्लीत एकही माणूस उपाशी राहत नाही, कोणाला वगळलं तर त्या घरची अब्रू जाते. मी म्हटलं, तुमची रीत तुमची, आमची आमची. त्या गप्प बसल्या. म्हणजे पटलं असावं.

इथे पाऊस अजून नाही, वारा मात्र इतका की दोरीवरचे कपडे शेजारच्या गच्चीवर जातात.

चेतन


लिंबायत
३० एप्रिल २०२५

चेतन, बाळा,

आज दुपारी काय झालं ते ऐक. मी आणि चंचल दारात साड्यांचे धागे कापत बसलो होतो, तोच पोलीस आला. "लोटू बोरसे कोण?" चंचल तर उठून घरातच पळाली. मला वाटलं, मोठ्या बाबांनी कोणाशी भांडण केलं. जाऊबाई वरूनच ओरडल्या, "त्यांनी काही केलं नाही हो, ते नुसते बोलतात!" पोलीस हसायला लागला. म्हणाला, "काकी, पासपोर्टनी तपास माटे आव्यो छुं."

पासपोर्ट! आणि कधी केला अर्ज, माहीत आहे? मी वाल्मिकभाऊजींचं नाव काढलं त्याच्याही आधी. फेब्रुवारीतच जाऊन आले होते आणि घरात कोणाला पत्ता नाही. मी बापडी युक्त्या लढवून राहिले होते आणि हा माणूस टोपी काढून फोटो देऊन बसला होता. तेवढ्यात ते स्वतःच गल्लीत शिरले, पोलिसाला बघितलं, मला बघितलं आणि जोरात म्हणाले, "काय बघता सगळे? माणसाने कागदपत्रं तयार ठेवू नयेत का?"

मी घरात जाऊन तोंड दाबून हसले आणि मग रडले. पण बाळा, लगेच हुरळून जाऊ नको. संध्याकाळी मी विचारलं, मग चेतनची मूठ टाकणार ना? तर म्हणाले, "येतो म्हटलं का मी? आणि आलो तरी नाव कोणाचं घ्यायचं ते मी बघेन." हे असं आहे. तिकडे येऊन सगळ्यांदेखत तुझं नाव गाळलं तर मी काय करू, याचा घोर लागला आहे.

आई


लिंबायत, सुरत
१८ मे २०२५

चेतन यास,

तुझ्या आईने आग्रह केला म्हणून लिहितो आहे असं समजू नकोस. तिला हे पत्र ठाऊक नाही. फोटो चंचलकडून काढून घेतला आहे.

काही गोष्टी आधी स्पष्ट झाल्या पाहिजेत. तुझ्या गावाला तट आहे असं ऐकलं. सुरतेलाही कोट होता, किल्ला अजून तापीकाठी उभा आहे. तुझा तट किती रुंद? सुरतेवर महाराजांनी दोनदा चाल केली. तुझ्या गावावर कोणी केली आणि गाव टिकलं की नाही? समुद्र घरापासून किती लांब? कानबाईला डोक्यावर घेऊन चालत गेलं पाहिजे, गाडीत बसवून नेलेली मला चालणार नाही. वाटेत कोणी हरकत घेईल का? चहा मिळतो का? तुझ्या सासूच्या घरात मी राहणार नाही, पण ती तुमच्याच घरात राहते असं समजलं, तेव्हा काय करायचं ते सांग. तुझी बायको मला काय म्हणून हाक मारील?

मी आलो तर तुझा पाहुणा म्हणून येणार नाही. कानबाईचा माणूस म्हणून येईन. मुठीचा विषय तू काढायचा नाहीस.

लोटू बोरसे


कार्ताहेना
२५ मे २०२५

तीर्थरूप मोठे बाबा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमच्या हातचं अक्षर बघून मी गोदीत पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. मुकादम दोनदा ओरडला.

तट इतका रुंद आहे की वरून बैलगाडी जाईल. लोक संध्याकाळी त्याच्यावर बसून सूर्य बुडताना बघतात. गावावर आधी समुद्री चाच्यांनी चाल केली आणि लुटून नेलं, म्हणून मग हा तट आणि टेकडीवरचा किल्ला बांधला. पुढे इंग्रज मोठं आरमार घेऊन आले, तेच इंग्रज ज्यांची सुरतेत वखार होती. पण इथे त्यांचं काही चाललं नाही, आजारी पडून, मार खाऊन परत गेले. इथली माणसं हे अजून काल घडल्यासारखं सांगतात. तुम्हाला किल्ल्यावर घेऊन जाईन. खाली भुयारं आहेत, आत बोललेलं लांबपर्यंत ऐकू जातं.

समुद्र चालत जाण्यासारखा आहे. आमच्या गल्लीतून निघायचं, घड्याळाच्या बुरुजाखालच्या दरवाजातून जुन्या गावात शिरायचं आणि पलीकडच्या तटातून पाण्यावर उतरायचं. हरकत कोणी घेणार नाही, इथे रोज कोणती तरी मिरवणूक असते. लाउडस्पीकरच्या भिंती आपल्या लिंबायतच्या डीजेपेक्षा मोठ्या आहेत. चहा मी करीन, इथे सगळे कॉफी पितात. मर्सेदेसबाई त्या आठवड्यात बहिणीकडे जाऊन झोपायला तयार आहेत. योलांडा तुम्हाला मोठे बाबा म्हणायला शिकली आहे. "ठ" अजून नीट येत नाही, पण रोज म्हणते.

मुठीचा विषय मी काढत नाही.

तुमचा चेतन


लिंबायत
२० जुलै २०२५

चेतन,

व्हिसा आला, तिकिटं हातात आली, पिवळ्या तापाची लसही झाली. लसीच्या डॉक्टरने तुझ्या मोठ्या बाबांना वय जास्त म्हणून नीट तपासलं, छाती ऐकली, आणि म्हणाला, काका, तब्येत जवान माणसासारखी आहे. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगून राहिले आहेत. दुधवाल्यालासुद्धा सांगितलं.

आणि चंचलच्या मोबाइलवर तुझं पत्र आल्यापासून त्यांना नवा नाद लागला आहे. चौकात बसतात आणि सगळ्यांना सांगतात, आमच्या चेतनच्या गावात इंग्रजांची डाळ शिजली नाही. "आमच्या चेतनच्या" म्हणतात, बरं का! पण घरात आले की परत तोंडाला कुलूप. इथल्या कानबाईची मूठ यंदा वाल्मिकभाऊजींना टाकायला सांगितली आहे. त्यांना काल बोलावून सगळ्यांची नावं पाठ करून घेतली. तुझं नाव आलं तिथे म्हणाले, "हे राहू दे." का राहू दे, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

योलांडासाठी मी स्वतः टिकल्या लावलेली हिरवी साडी आणते आहे, मर्सेदेसबाईंना जांभळी. रोटाचं परत एकदा सांग त्यांना. काहीही होवो, आता भेटूच. तू विमानतळावर लवकर ये, नाहीतर हे आल्या पावली परत फिरतील.

आई


कार्ताहेना
५ ऑगस्ट २०२५

चि. वाल्मिक यास लोटूदादाचे आशीर्वाद.

हे पत्र पुनवेच्या आत सगळ्या भाऊबंदांना तुझ्या घरी बोलावून मोठ्याने वाचायचं. कोणी मध्येच उठायचं नाही. निकाल दिला आहे आणि तो मीच दिला आहे.

आधी सुखरूप पोचल्याचं कळवतो. विमानात मी घाबरलो नाही. गाव उत्तम. तट मी स्वतः चालून बघितला, चेतन सांगतो तसाच आहे. किल्ल्यावरही चढलो, धाप लागली नाही. चेतनची बायको मला वाकून नमस्कार करते आणि "मोटे बाबा" म्हणते. आता एवढ्यावर मी तिला काय बोलणार?

रविवारी कानबाई बसली. नारळ इथलाच, पण माय आपलीच. तिला नथ घातली, हार घातला, फुलं तर इथे इतकी की सुरतेत एवढी मिळायची नाहीत. मूठ मी टाकली. मूठ जरा सैल पडली, गहू जास्त झाला. का झाला ते विचारू नकोस. इथे घरोघर मका दळायचं हाताचं यंत्र असतं, त्याच्यावर पीठ काढलं. रोट इतकं झालं की आम्ही चार माणसं, चेतन, त्याची बायको, त्याची आई उषाबाई आणि मी, पुनवेपर्यंत नुसते खात बसलो असतो तरी संपलं नसतं. तरी मी म्हटलं, रीत ती रीत, खायचं. रविवारी रात्री मला श्वास घेता येत नव्हता.

सोमवारी मायला घेऊन निघालो. वाल्मिक, तू असायला हवा होतास. योलांडाच्या डोक्यावर कानबाई, हिरवी साडी, आणि मागे सगळी गल्ली, कोणी बोलावलं नसताना! एक फळवाली मारुहा नावाची, ती डोक्यावर टोपली घेऊन हात न लावता चालते, तिने योलांडाला मान कशी ठेवायची ते वाटेत दाखवलं. ढोल होते. घड्याळाच्या बुरुजाखालून आपली कानबाई गेली तेव्हा परदेशी लोक बाजूला होऊन उभे राहिले. जिथे इंग्रजाला शिरता आलं नाही तिथून आपली माय वाजतगाजत गेली. मी "कानबाई मायनी जय" म्हटलं, आणि ती माणसं तसंच्या तसं म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला.

आता पुढचं लक्ष देऊन ऐका. समुद्रावर आरती करून, मायला पाण्यात सोडून आम्ही परत आलो. मर्सेदेसबाई आमच्या आधी निघून आली होती. बघतो तर गल्लीत प्रत्येकाच्या हातात रोट! म्हातारे खात होते, पोरं खात होती, आणि ती बाई रिकामं ताट घेऊन दारात उभी, जांभळी साडी नेसून, राणीसारखी. घरात तुकडा शिल्लक नव्हता.

माझं डोकंच फिरलं. मी टोपी काढून जमिनीवर आपटली. काय काय बोललो ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिण्यासारखं नाही. आपली अहिराणी त्यांना कळत नाही, पण बठ्ठं, अगदी सगळं, कळलं. ढोल थांबला. चेतनचं तोंड पांढरंफटक पडलं. तो म्हणाला, "मोठे बाबा, मी त्यांना सांगितलं होतं." ती बाई म्हणाली, आणि चेतनने मला मराठीत सांगितलं, "ही माणसं तुमच्या देवीबरोबर उन्हातून चालली. त्यांच्या तोंडासमोर मी दार कसं लावू?" एलिओदोरो नावाचा एक म्हातारा कोळी आहे. त्याने अर्धं खाल्लेलं रोट हातात धरलं होतं, ते माझ्यापुढे केलं. परत घ्या म्हणाला.

मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बसलो आणि विचार केला. रोट परक्याने खाल्लं तर ते बाटलं. आता मी इतक्या लांब येऊन, स्वतःच्या हाताने मूठ टाकून, कानबाईचं रोट बाटलं असं म्हणू? माझी जीभ झडेल. मायने एवढं रोट उगाच वाढवलं नसेल. मग उरलं काय? ज्याने रोट खाल्लं तो भाऊबंद. दुसरा अर्थ निघतच नाही. कोणाला निघत असेल तर त्याने मी आल्यावर माझ्यासमोर बोलावं.

मी उभा राहिलो आणि चेतनला म्हटलं, सांग यांना. आजपासून ही गल्ली बोरसे घराण्याची. एलिओदोरोला म्हटलं, खा भो, पुरं खा, तुझंच आहे. त्याने डोळे पुसले आणि खाल्लं. मग मी बाकीचं पण सांगितलं, कारण भाऊबंदकी म्हणजे नुसतं खाणं नाही. इथे कोणी गेलं तर सुतक आम्हाला लिंबायतमध्ये, आणि आमच्याकडे कोणी गेलं तर तुम्हाला इथे. लग्नाकार्यात बोलावणं आलंच पाहिजे, नाही आलं तर मी रुसेन. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. ती फळवाली म्हणाली, आमच्याकडेही असंच असतं.

तर पुढच्या कानबाईला या गल्लीतल्या सगळ्या पुरुषांची मूठ लिंबायतमध्ये पडेल. नावं मी आल्यावर सांगेन, जीभ वळत नसेल तर आतापासून सराव कर. आणि तुझ्या संदीपला सांग, त्याने चेतनकडे इथल्या पोरींचे फोटो मागितले ते मला कळलं आहे. आता विसर म्हणावं. सगळ्या त्याच्या बहिणी झाल्या.

खाली जागा उरली आहे, उषाबाईला लिहायचं आहे म्हणते. मला बाहेर बोलावतात.

लोटू बोरसे


वाल्मिकभाऊजींना उषाचा नमस्कार.

दादा बाहेर गेले ते नाचायला गेले, हे त्यांनी लिहिलं नाही ना? इथे एका भिंतीएवढा लाउडस्पीकर आहे. एलिओदोरोने त्यांचा हात धरला आणि आता दोघं म्हातारे टोप्यांची अदलाबदल करून गल्लीच्या मधोमध गोल फिरून राहिले आहेत. मर्सेदेसबाई टाळ्या वाजवते आहे. काल तिच्याशी बोलणार नाही म्हणत होते, आज सकाळी तिच्या हातची कॉफी तीनदा मागून घेतली.

पण भाऊजी, मला दुसरंच सांगायचं आहे. त्यांनी लिहिलं, मूठ सैल पडली, गहू जास्त झाला. सैल कसली पडते! चाळीस वर्षं त्यांनी मूठ टाकली, एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही. काय झालं ते मी बघितलं, म्हणून मी सांगते. हेही सगळ्यांसमोर वाचा.

रविवारी सूप पुढ्यात घेऊन बसले. मी देवीसमोर हात जोडून होते, पण माझं ध्यान त्यांच्या तोंडाकडे होतं. चेतन भिंतीला टेकून उभा, खाली बघत. ज्याने विषय काढायचा नाही असं कबूल केलं होतं, त्याने खरंच काढला नाही. दादांनी पहिलं नाव घेतलं ते त्याचंच. आपलं स्वतःचंसुद्धा नंतर. "चेतन सुकदेव बोरसे," म्हणाले, आणि सव्वा मूठ टाकली. मला वाटलं, झालं, माय पावली. मी डोळे पुसेपर्यंत परत तेच नाव, "चेतन सुकदेव बोरसे," आणि परत सव्वा मूठ. मग तिसऱ्यांदा. तेही पूर्ण नाव घेतलं, माझ्या मालकांच्या नावासकट. गेल्या दोन वर्षांची मागे राहिलेली आणि एक यंदाची. लिंबायतमध्ये तुम्हाला "हे राहू दे" का म्हणाले, ते मला तेव्हा कळलं. त्यांना ती मूठ दुसऱ्या कोणाच्या हाताने पडू द्यायची नव्हती.

चेतन येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. दादा म्हणाले, "ऊठ, गहू सांडेल," आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. योलांडाला काही समजलं नाही, तरी तीही रडली. मी रडले नाही. मी तिथेच ताठ बसून त्या सुपाकडे बघत होते. माझं पोरगं मोजलं गेलं, भाऊजी! दोन वर्षांच्या भरपाईसकट मोजलं गेलं. आता नवागाममध्ये कोणी तोंड वाकडं केलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

उषा